सा, ग आणि प

जानेवारीत साताऱ्याला सकाळी सात वाजता बिगुल उघड्यावर ठेवायचा नसतो. स्वेटरच्या आत, काखेत धरून बसायचं. पितळ गार पडलं की आतली हवा गार पडते आणि सूर खाली उतरतो. बरं, दहा बिगुल एकाच मापानं उतरले तर चालेल, पण ते दहा जागी उतरतात. ही विद्या मला तेराव्या वर्षी मिळाली आणि आज बावन्नाव्या वर्षी तिचा काडीचा उपयोग नाही. तरी यंदा शाळांच्या बँडस्पर्धेला गेलो, तेव्हा मैदानाच्या कडेला एक मुलगी बिगुल दवानं भिजलेल्या गवतावर ठेवून मोजे वर ओढत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाळ, तो उचल आधी. काखेत घे.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मुकाट्यानं बिगुल काखेत घेतला.

आम्ही तिघं-चौघं दर वर्षी येतो. कुणी बोलावत नाही. प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यात कुणीतरी फोन करतो, “पोरं वाजवणार आहेत, येतोयस ना?” एवढंच. आमच्यातला बेस ड्रमवाला आता रिटायर व्हायला आलाय, साइड ड्रमवाला बँकेत आहे, झांजवाल्याला दोन नातवंडं आहेत. एकमेकांची खरी नावं आम्ही वापरतच नाही. तो बेस, तो साइड, मी बिगुल. अजिंक्यताऱ्याच्या मागून ऊन वर येईपर्यंत पायऱ्यांवर कुडकुडत बसायचं, थर्मासमधला चहा फिरवायचा आणि प्रत्येक शाळेच्या चुका मोजायच्या. आजूबाजूचे पालक आमच्याकडं रागानं बघतात ते बरोबरच आहे.

१९८६ ते ८९, आठवी ते दहावी, मी शाळेच्या बँडमध्ये होतो. शिकवायला मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार यायचे. आम्ही त्यांना हवालदार सर म्हणायचो. साताऱ्यात अशा माणसांना तोटा नाही. अपशिंग्यासारख्या गावात तर घरटी फौजी, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. पण आमचे सर पलटणीत बिगुलर होते, आणि त्याचा त्यांना फार अभिमान. बेळगावच्या सेंटरवरचं रेजिमेंटचं बोधचिन्ह ते पाकिटातून काढून दाखवायचे. “ढाल आहे, तलवारी आहेत, ते सगळं ठीक. पण हे काय आहे? शिंग! बिगुल!” लाइट इन्फन्ट्री म्हणजे चपळ, विखरून लढणारं पायदळ. विखुरलेल्या माणसांना हुकूम ओरडून पोचत नाहीत, ते बिगुलानं पोचवायचे. म्हणून त्यांच्या चिन्हात बिगुल. सरांच्या मते आम्ही वाद्य वाजवत नव्हतो, निरोप देत होतो.

पहिला महिनाभर निरोप कसले, म्हशी हंबरत होत्या. बिगुलात नुसती फुंकर मारून काही होत नाही. ओठ घट्ट मिटून त्यातून हवा फुर्र् करत सोडायची आणि ती फुरफुर माउथपीसमध्ये धरायची. दोन आठवड्यांनी ओठांवर लाल गोल वळ उठला, तो घेऊन मी गल्लीतून ऐटीत फिरायचो. आई म्हणाली, “मधमाशी चावली का रे?”

मग कळला या वाद्याचा खरा घोटाळा. बिगुलाला भोकं नसतात, कळा नसतात. एक गुंडाळलेली नळी, बस्स. ओठ सैल-घट्ट करून तिच्यातून मोजून पाच जागा मिळतात: सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि त्याच्यावरचा प. म्हणजे स्वर तीनच. सा, ग, प. रिषभ नाही, मध्यम नाही, धैवत-निषाद नाहीत. “बाकीचे चार देवाकडं,” असं सर म्हणायचे. बिगुलावर राष्ट्रगीत वाजत नाही. दुसऱ्याच अक्षराला रे लागतो, तिथंच दार बंद.

शाळेत संगीताच्या बाई होत्या. त्यांच्या पेटीच्या वर्गाशेजारी आमचा सराव चालायचा म्हणून त्या आमच्यावर कायम खार खाऊन असायच्या. एकदा आम्ही तिघं बिगुलवाले मुद्दाम त्यांना विचारायला गेलो, की बाई, तीन सुरांत कुठला राग होतो? भूपालाही पाच लागतात. आम्हाला वाटलं, हाकलून देतील. बाईंनी पेटीवर सा-ग-प धरला, जरा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “मालश्री.” त्यात सगळा भार या तीन सुरांवरच असतो, तीव्र मध्यम आणि निषाद आले तर ओझरते. मग त्यांनी आलाप घेतला. दोन-तीन मिनिटंच असेल. आमच्या भोंग्यातल्या त्याच तीन सुरांचं असंही काही होतं, हे ऐकून आम्ही गप्प झालो. बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, “पण मार्चिंगला उपयोग नाही.” ते खरंच होतं.

धून वाजवायच्या त्या बासरीवाल्या पोरांनी. आमचं काम ओळीच्या शेवटी. लग्नात मंगलाष्टकं दुसरेच कुणी म्हणतात आणि ‘सावधान’ला सगळा मांडव ओरडतो ना, तसे आम्ही सावधानवाले. सोळा मात्रा गप्प, चार मात्रा कल्लोळ, परत गप्प. गप्प राहायच्या मात्रा मोजताना डोळे समोर आणि बोटं मांडीवर. अजूनही मी कुठलंही गाणं ऐकताना कडव्याचा शेवट आला की माझे ओठ आपोआप आवळतात. बायकोनं हे लग्नानंतर आठवड्याभरात पकडलं होतं.

साइड ड्रमची तऱ्हा निराळी. तो पट्ट्यानं डाव्या मांडीवर तिरका लटकतो, म्हणून डाव्या हातातली काडी तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागते. दोन हातांच्या दोन पकडी. खालच्या पानाला तारा चिकटलेल्या असतात, तो तडतडाट त्यांचा. रोल शिकवताना सर बोल द्यायचे, “आई-बाबा, आई-बाबा.” आईचे दोन ठोके उजव्या हाताचे, बाबांचे दोन डाव्या हाताचे. आधी सावकाश, मग वाढवत वाढवत, शेवटी आई कुठली नि बाबा कुठले हे कळेनासं झालं पाहिजे. वर्गात सगळे साइडवाले बाकावर पट्टीनं आई-बाबा करत बसलेले असायचे.

तेव्हा ड्रमला कातडंच होतं. १५ ऑगस्टला त्याचे हाल कुत्रा खात नसे. साताऱ्याचा श्रावण, सात दिवस झड, कातडं ओलं होऊन असं लोळायचं की काडी मारली तर उशीवर मारल्यासारखं. झेंडावंदनाच्या आधी शाळेच्या मागच्या पडवीत वह्यांचे कागद पेटवून ड्रम शेकायचे, हलगीवाले शेकतात तसे. एका वर्षी एकानं जास्त शेकला आणि ऐन सलामीच्या वेळी पान उभं फाटलं. तो पोरगा पुढं दहा मिनिटं फाटक्या ड्रमच्या दोन बोटं वर काड्या नाचवत राहिला. पाहुण्यांनी नंतर त्याच्याच हाताचं कौतुक केलं. पुढं प्लॅस्टिकची पानं आली, ती भिजत नाहीत. सोय झाली; पण प्लॅस्टिकचा आवाज कोरडा, ठणठणीत, त्याला पोट नाही असं आमच्या साइडचं मत आहे, आणि बँकेतला माणूस मतं सहसा बदलत नाही.

स्पर्धेआधीची रात्र फार सुखाची. शाळेतच मुक्काम. चिंच आणि राख घेऊन बिगुल घासायचे, ब्रासो फक्त शेवटच्या हाताला, कारण डबी एकच आणि बिगुल दहा. पट्टे खडूनं पांढरे करायचे. बँडच्या पुढं चालणारा मेजर आपली काठी उराशी घेऊन झोपायचा. खरोखर. काठी हवेत फेकून झेलायची असते आणि त्याच्या स्वप्नात ती दर वर्षी पडायची.

१९८८ साली मात्र काठी पडली नाही, मी पडलो. वरचा प हा बिगुलातला सगळ्यात वरचा, हट्टी सूर. ओठ एक केसभर सैल सुटले की तो खालच्या ग वर घसरतो, आणि घसरताना असा फुटतो की मैदानाच्या त्या टोकाला चणे विकणारासुद्धा मान वळवतो. परीक्षकांच्या समोर, दाहिने देख चालू असताना, माझा प फुटला. बाकी नऊ जणांनी सूर नीट धरला, पण फुटलेला एकच ऐकू येतो. पायांना मिनिटाला १२० पावलं टाकायची सवय असते म्हणून मी पुढं चालत राहिलो, एवढंच. आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या शाळेशी फरक किती होता ते सरांनी मला कधीही सांगितलं नाही, आणि मी अजूनही विचारत बसतो, म्हणजे आता मनातच. सर जाऊन वर्षं झाली. त्या संध्याकाळी त्यांनी राजवाड्याजवळ सगळ्या बँडला कंदी पेढे घेतले. माझ्या हातावर दोन ठेवले. “ओठ दुखत असतील,” म्हणाले.

आता स्पर्धा मोठी झाली आहे. राज्यातून विभागात, विभागातून दिल्लीला असा रस्ता आहे. संरक्षण आणि शिक्षण खात्याची मिळून राष्ट्रीय शालेय बँडस्पर्धा होते, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला. तिथं गट दोन, ब्रास बँड आणि पाइप बँड, दोन्हींत मुलांचे आणि मुलींचे वेगळे. आमच्यासारख्या नुसत्या बिगुल-ड्रमला वेगळं घर नाही. म्हणून ज्या शाळांना परवडतं त्यांनी ट्रंपेट, युफोनियम घेतली, कुणी मशकबाजा, म्हणजे बॅगपाइप, घेतला. वाजवतातही सुरेख. यंदा एका मुलींच्या शाळेनं ट्रंपेटवर जो मध्यम लावला, तो ऐकून माझ्या पोटात कालवलं. मध्यम! आम्ही तीन वर्षांत एकदाही लावू शकलो नव्हतो तो स्वर, आणि चौदा वर्षांची पोरगी बोटानं कळ दाबते आणि तो येतो.

पुतण्या मोबाइलवर अमेरिकेतल्या ड्रम कोअरचे व्हिडिओ दाखवतो. दीडशे पोरं फुटबॉलच्या मैदानावर वाजवत पळतात, एकमेकांतून आरपार जातात. तिथंही सुरुवात साध्या बिगुलानंच झाली होती, पहिल्या महायुद्धानंतर, माजी सैनिकांच्या संघटनांच्या पथकांतून. मग त्यांनी बिगुलाला एक कळ लावली, मग दुसरी, १९९० मध्ये तिसरी. आमच्या बिगुलाला कळ कधी लागली नाही, कळ यायची ती ओठांना. त्यांचं ते वादन बघून डोळे दिपतात हे कबूल. पण इथल्या काही शाळाही आता त्याच्या नादानं वाजवण्यापेक्षा आकृत्या जास्त काढायला लागल्यात. फूल करतात, चक्र करतात, नकाशा करतात. टाळ्या पडतात. आणि नकाशाच्या टोकाला, कन्याकुमारीला उभ्या असलेल्या ड्रमवाल्याचा ताल काश्मीरपर्यंत पोचेस्तोवर अर्धी मात्रा मागं पडलेला असतो. बेस म्हणाला, “देश एकसंध नाही राहिला.” शेजारच्या पालकांनी पुन्हा वळून बघितलं.

शेवटून दुसऱ्या क्रमांकाला डोंगराकडची एक छोटी शाळा आली. सहा साइड ड्रम, एक बेस, एक झांज, चार बासऱ्या आणि आठ बिगुल. नुसते बिगुल. ती काखेत घेणारी मुलगी उजवीकडून तिसरी. गणवेश धुवून धुवून मऊ झालेले, मेजरच्या काठीला रंगीत कागद गुंडाळलेला. आकृती एकच केली, चौकोन, आणि तोही अंमळ शंकरपाळ्यासारखा. पण आई-बाबा इतके घट्ट, की साइड पुढं सरकून बसला. बासऱ्यांची ओळ संपत आली. माझे ओठ आवळले. वरचा प आला आणि आठांतला एक फुटला.

तीच. इतक्या लांबून मला तिचे कान लाल झालेले दिसले असं मी म्हणणार नाही, पण झाले असणार. पुढच्या फेरीला पुन्हा तोच प होता. आम्ही चौघंही बोलायचं थांबलो. सोळा मात्रा. मी मांडीवर मोजल्या. बिगुल वर गेले, आणि प लागला, आठांचा मिळून एक, सरळ, अजिंक्यताऱ्यावर जाऊन आपटून परत आला. झांजवाला उभा राहिला. आम्ही सगळेच उभे राहिलो, चहा सांडला.

त्यांचा नंबर आला नाही. यायला नको होता असंही नाही, पण गुणांचे तक्ते परीक्षकांकडं असतात.

नंतर ती पोरं ट्रॅक्सची वाट बघत बसली होती तिथं आम्ही गेलो. बेसनं कंदी पेढ्यांचा पुडा उघडला. माझा तुकडा मी त्या मुलीला दिला, वर अजून एक. तिनं विचारलं, “काका, तुम्ही वाजवायचा का?” आणि उत्तराची वाट न बघता माउथपीस स्कार्फला पुसून बिगुल माझ्या हातात ठेवला. छत्तीस वर्षांनी. काखेतला होता, गरम होता.

खालचा सा आला. जाड, धुरकट, पण आला. प अर्धा आला. वरचा सा नुसती हवा. पोरं हसायला लागली, मग मीही, आणि हसताना ओठ जुळत नाहीत.

“काका, परत!”

मी पुन्हा ओठ आवळले. तेवढ्यात ट्रॅक्स वळणावर दिसली, तरी मी फुंकतच होतो. बेसनं पेढ्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर दोन बोटांनी लागोपाठ दोन ठोके मारले. ड्रमवर तसे दोन पडले की वाजवणं थांबवायचं असतं. आठही जणींनी तो इशारा ओळखला आणि माझ्याकडं बघितलं. मी बिगुल खाली घेतला, उलटा करून थुंकी झटकली आणि तिच्या हातात दिला.