खाटेखालचा दिवा पावसाळ्याआधी लावा

रात्री म्हातारं माणूस चाचपडत उठतं, आणि कोकणात पावसाळ्यात जमिनीवर फुरसं हा विषारी सापही असू शकतो. खाटेखाली सेन्सरचा, म्हणजे पाय खाली टेकताच आपोआप लागणारा दिवा हवाच.

१२ व्होल्टची, ३००० केल्विनची पिवळसर एलईडी पट्टी घ्या, सिलिकॉनच्या आवरणाची. एका बाजूला दीड मीटर पुरते. मागचा चिकट टेप दमट हवेत टिकत नाही, क्लिपा स्क्रूने बसवा. खाऱ्या हवेत तांब्याचे उघडे जोड हिरवे पडतात. सोल्डर करून वर गरम केली की आकसणारी नळी चढवा.

सेन्सर जमिनीपासून वीतभर उंच, पाय टेकतात तिथे. समोर चादर किंवा मच्छरदाणी लोंबली तर त्याला पाय कळतच नाहीत; इथेच बहुतेकांचं चुकतं. दिवा चालू राहण्याची वेळ ६० सेकंद ठेवा.

इन्व्हर्टर नसेल तर चार्जिंगचाच दिवा घ्या. पॉवरबँक नको, इतक्या कमी करंटवर बऱ्याच आपोआप बंद होतात.