पोहरा रिकामा आला तरी: आविलातले दोन दिवस

माद्रिदहून निघालेली गाडी दीडेक तासात पठारावर चढते. खिडकीतून मोठाले गोल धोंडे दिसतात, ठेंगणी झाडं, वाळलेलं गवत आणि भरपूर आकाश. आविला समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरहून उंच. जुलैचा महिना, सगळं करपलेलं. कार्मेल या कॅथलिक संन्यासी संघातली धर्मभगिनी आणि प्रार्थनेवर लिहिणारी संत तेरेसा 1515 साली इथे जन्मली. प्रार्थनेबद्दल लिहिताना तिला पाणीच का सुचलं असेल, हे स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं.

मी इथे आले ते माझी प्रार्थना आटली म्हणून. कित्येक वर्षं मी पहाटे अर्धा तास ध्यानप्रार्थनेला बसते. डोळे मिटायचे, श्वासाबरोबर येशूचं नाव घ्यायचं, मन भरकटलं की न चिडता त्या नावाशी परत यायचं. पूर्वी त्यात ओलावा असायचा. वडील गेले आणि तो गेला. नाव ओठांवर येई, पुढे काहीच नाही.

पहिल्या दिवशी तटबंदीबाहेरच्या एन्कार्नासियोन मठात गेले. 1535 साली तेरेसा इथे दाखल झाली आणि जवळजवळ 27 वर्षं राहिली. संग्रहालयात तेरेसाचे सहकारी, क्रुसाचे संत योहान यांनी काढलेलं ख्रिस्ताचं रेखाचित्र आहे, तळहाताहूनही लहान. वरून, एका बाजूने पाहिलेला, पुढे झुकलेला देह. चेहरा जवळजवळ दिसतच नाही. त्या चित्रापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

मला मात्र तिथे आठवत होती तिची कोरडी वर्षं. तिने स्वतःच लिहून ठेवलंय, की प्रार्थनेला बसल्यावर कित्येकदा तिचं लक्ष तास संपल्याचा टोला कधी पडतो इकडेच असे. 18 वर्षं तिला, कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची वेळ सोडली तर, हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं धाडस झालं नाही. प्रार्थनेची एवढी मोठी गुरू, आणि तिची ही कबुली! मला त्या दिवशी तिच्या दिव्य दर्शनांपेक्षा या दोन ओळींनीच जास्त धीर दिला.

आत्मचरित्रात तिने प्रार्थनेला बाग शिंपण्याची उपमा देऊन शिंपायच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत. पहिली, विहिरीतून पोहऱ्याने शेंदणं: दोर ओढून हात भरून येतात आणि पाणी थोडंच. दुसरी रहाटाची: कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरी, नदीचं किंवा ओढ्याचं पाणी: जमीन आतपर्यंत भिजते. चौथी पावसाची. तिथे माळ्याला काहीच करायचं नसतं, देवच शिंपतो. नवख्यांची प्रार्थना पोहऱ्याची. मनाला खेचून आणायचं, ख्रिस्ताच्या जीवनावर मनन करायचं, सगळं आपल्या बळावर.

आणि विहिरीलाच पाणी नसलं तर? हा प्रश्न तिने टाळलेला नाही. बाग देवाची आहे, माळ्याने आपलं काम करावं. पाण्यावाचून फुलं कशी जगवायची ते देव पाहून घेईल, अशा अर्थाचं ती लिहिते. पूर्वी मी हे वाचून पुढे गेले होते. कारण तेव्हा मला पाणी होतं.

संध्याकाळी सान होसेला गेले. 1562 साली तिने सुरू केलेला हा पहिला सुधारित कार्मेल मठ. एन्कार्नासियोनमध्ये दीडशेच्या वर धर्मभगिनी होत्या, इथे सुरुवात केली चौघींनी. मोजक्या जणी, एकांत, मौन. प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतात वरचेवर बोलणं, असं ती म्हणते. अशा बोलण्याला गर्दी चालत नाही.

मागच्या बाकावर बसले. नाव घेतलं. मन वडिलांच्या खोलीत गेलं, खाटेपाशी, औषधांच्या पिशवीपाशी. परत आणलं. पुन्हा गेलं. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. घड्याळाकडे मात्र तीनदा पाहिलं. पोहरा तळाला लागल्याचा आवाज ऐकू यावा इतकं आत कोरडं होतं. तरी त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याबद्दल प्रभूची क्षमा मागितली नाही. अर्धा तास पुरा होईपर्यंत बसून राहिले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी मी सान होसेला मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेले आणि मिस्सा संपल्यावर त्याच बाकावर बसले.