आधी डग्गा ऐका

माझ्या तबल्याच्या क्लासमधली मुलं विचारतात, "सर, कॉम्प्युटरवर ऐकायला महागडा डॅक, म्हणजे डिजिटल फाइलीचं हेडफोनला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा, घेतला तर खरंच फरक कळतो का?" मी त्यांना आधी डग्गा, म्हणजे तबलाजोडीतला खर्जाचा डावा, ऐकायला सांगतो.

लॅपटॉपच्या स्पीकरवर विलंबित एकताल लावा. 'तिरकिट' स्वच्छ येतं, चाटही खणखणीत. पण 'धागे'तल्या 'गे'वर मनगटाने दाबून काढलेली मींड (सरकत जाणारा स्वर) आणि तिचा घुमारा? जवळपास गायब. एवढ्याशा स्पीकरला साधारण 200 हर्ट्झच्या खालचं धड वाजवता येत नाही, आणि डग्ग्याचा मूळ नाद त्याच्या बराच खाली असतो. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो नाद मनातच भरून काढतो, म्हणून काही हरवलंय हे लक्षातही येत नाही. ज्याला डग्ग्याचा हात घडवायचा आहे, त्याचं केवढं नुकसान! कान झाकणारा बरा वायरवाला हेडफोन लावला की तीच मींड अंगावर येते. हा फरक कुणालाही कळतो.

डॅकचं तसं नाही. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावल्यावर माउस हलवताना कुईकुई ऐकू येत असेल, किंवा लॅपटॉपला चार्जर जोडला की गुणगुण सुरू होत असेल, तर बाहेरचा साधा यूएसबी डॅक जरूर घ्या. विलंबितात दोन मात्रांमधली शांतता स्वच्छ हवीच. मात्र अशी खरखर नसेल, तर दहापट किमतीच्या डॅकमधून तबला दहापट गोड होत नाही.

हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने साठवलेल्या फाइलींबद्दल तर मी ठाम आहे. सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतले की, त्याच्या निम्म्या, 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तरुण, निरोगी कानाची धावही 20 पर्यंतच. 2007 मध्ये मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी हाय-रेझोल्यूशन आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवून लोकांना न सांगता ऐकवला. 554 चाचण्यांत 276 उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणेफेकच. मग ग्रामोफोनच्या तबकडीवरून उतरवलेलं जुनं वादन 192 किलोहर्ट्झमध्ये घेऊन काय मिळणार? खरखर तेवढी बारकाईने साठवली जाईल.

स्वतः पडताळायचं तर फूबार2000 या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एबीएक्सची, म्हणजे कोणती फाइल वाजतेय हे न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीची, सोय आहे. आधी तुलनेतल्या दोन्ही फाइलींचा आवाज काटेकोर सारखा करा. जरा मोठं वाजणारं नेहमीच सरस वाटतं. दुकानातली तुलना तिथेच फसते.

आणि लेहऱ्यावर (तालाचं आवर्तन दाखवणाऱ्या फिरत्या धुनेवर) वाजवून स्वतःचं रेकॉर्डिंग करणार असाल तर ब्लूटूथ नकोच. लेहरा कानापर्यंत उशिरा पोहोचतो, तुम्ही त्याच्याबरोबर चोख वाजवता, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र लावले की तुमची प्रत्येक सम मागे पडलेली असते. त्यात हाताचा काही दोष नसतो.