पीटर्सबर्ग, 1867: एक खून रचताना

दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहायची ठरली, तेव्हा झारच्या रशियाचा हट्ट माझाच. खून सुचायला वेळ लागला नाही. डोकं खाल्लं ते तपास कोणी करायचा, या प्रश्नानं.

साल पक्कं केलं 1867. फार मागे गेलं तर तपास पोलिसांच्याच हातात आणि खटला बंद दाराआड, नुसता कागदांवर. 1860 मध्ये न्यायखात्याचा तपास अधिकारी हे वेगळं पद आलं, 1864 च्या सुधारणांनी ज्यूरी आणि खुली सुनावणी आणली, आणि 1866 मध्ये पीटर्सबर्गला गुन्हे शोधणारी स्वतंत्र पोलीस शाखा निघाली. तिचा पहिला प्रमुख इव्हान पुतिलिन. म्हणजे एकाच प्रेतावर हक्क सांगणारे दोघं आयते मिळाले.

मग दर्जांची भानगड. पीटर द ग्रेटनं 1722 मध्ये सरकारी नोकरीच्या 14 पायऱ्या ठरवल्या, त्या माझ्या नायकाच्या मानगुटीवर बसल्या. तो नवव्या पायरीवर, संशयित चौथ्या. दर वाक्याला ‘युवर एक्सलन्सी’ म्हणत जबाब कसा घ्यायचा? हा प्रसंग किती वेळा फाडला, विचारू नका. शेवटी साहेबाला सोडलं आणि द्वोर्निकला धरलं. द्वोर्निक म्हणजे वाड्याचा राखणदार: अंगण झाडायचा, सरपण वर पोचवायचा, रात्री फाटक उघडायचा आणि कोण आलं-गेलं ते पोलिसांच्या कानावर घालायचा. अपरात्री साहेबांकडे कोण आलं होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

बोटांच्या ठशांचा उपयोग नव्हता. कलकत्त्यात त्यांचं कार्यालय निघालं तेच 1897 मध्ये. पुरावा सापडला कॅलेंडरात. रशिया तेव्हा ज्युलियन कॅलेंडरवर, पश्चिम युरोपच्या 12 दिवस मागे. बर्लिनहून 10 मार्चला निघालेलं पत्र पीटर्सबर्गला 2 मार्चला मिळायचं, आणि तिथल्या कारकुनालाही त्यात नवल वाटत नसे. म्हणून मी उलटं केलं. संशयित जे पत्र पुढे करतो त्यावर ‘बर्लिन, 26 फेब्रुवारी’. म्हणे 2 मार्चला हातात पडलं. वरवर चार दिवस, आगगाडीच्या हिशेबात चपखल. पण बर्लिनची 26 म्हणजे इथली 14. मग मधले 12 दिवस पत्र कुठे होतं? कुठेच नाही. ते पीटर्सबर्गमध्येच बसून लिहिलेलं, तेही परदेशी पत्रव्यवहार कधी न केलेल्या माणसानं.

संपादकांची एकच तक्रार: नावं फार लांब. काही पात्रं कापली, पण वडिलांचं नाव लावून हाक मारायची रीत ठेवली. आपल्या रेशनकार्डावर तरी दुसरं काय असतं?