खरखरीचा ताल ओळखताना

एका मैत्रिणीचे गाणे घरी ध्वनिमुद्रित करत होतो. तिसऱ्या टेकमध्ये तिचा सूर अगदी मनासारखा लागला होता, आणि नेमक्या त्याच वेळी हेडफोनमध्ये ‘चट्’ असा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एकदा आला, मग लागोपाठ दोनदा आला, आणि त्यानंतर दोन मिनिटे काहीच नाही. ती गायची थांबली नाही, पण तिचे लक्ष उडाल्याचे आवाजात कळत होते. गाणाऱ्याची एकदा मोडलेली तंद्री त्याच दिवशी पुन्हा जुळेलच असे नसते, म्हणून हा बिघाड मुळापासून समजून घ्यायचे मी ठरवले. त्यात पुढचे तीन आठवडे गेले.

पहिल्या संध्याकाळी एक चूक झाली, ती आधी सांगतो, कारण ती बहुतेकांकडून होते. मी बफर (संगणक एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या तुकड्याचा आकार) वाढवला, ऑडिओ इंटरफेसचा (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीचा) ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कार्यक्रम) नवा घातला आणि यूएसबी केबलही बदलली, हे सगळे एकाच बैठकीत. खरखर कमी झाली, पण यांतल्या कशामुळे झाली हे कळायला काहीच मार्ग उरला नाही, आणि दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा मी होतो तिथेच होतो. त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा आणि किमान अर्धा तास सलग ध्वनिमुद्रण करून पाहायचे, असा नियम केला.

शोधाची सुरुवात सेटिंगच्या खिडकीत न करता ध्वनिमुद्रित फाइलमध्ये करावी, असे माझे आता ठाम मत आहे. खरखर फाइलमध्ये उतरली आहे की फक्त ऐकताना येते, हे सर्वांत आधी ठरवावे. फाइल स्वच्छ असेल आणि तीच पुन्हा वाजवताना दर वेळी निराळ्या जागी आवाज तुटत असेल, तर दोष ऐकण्याच्या वाटेवर, म्हणजे प्लगइनमध्ये (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या जोड-कार्यक्रमात) किंवा प्लेबॅकच्या बफरमध्ये आहे. खरखर दर वेळी त्याच जागी येत असेल तर ती फाइलमध्येच आहे, आणि मग त्या जागेवर तरंग एकेक सॅम्पल (आवाजाचे एकेक मोजमाप) दिसेपर्यंत मोठा करून पाहावा. इनपुटची पातळी जास्त झाली असेल तर तरंगाचे माथे सपाट कापलेले दिसतात. हा दोष संगणकाचा नाहीच, प्रीॲम्पचा (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे वाढीचे प्रमाण, कमी करून सर्वांत मोठा स्वर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवला की तो जातो. केबलचा किंवा सैल जॅकचा दोष असेल तर वेडेवाकडे दाट काटे दिसतात आणि जॅक हलवला की ते वाढतात. संगणक वेळेत पोहोचला नसेल तर मात्र चित्र अगदी वेगळे असते: गुळगुळीत चढत जाणारी रेषा धागा तुटावा तशी मध्येच तुटते आणि सरळ उभी उडी घेऊन भलत्याच उंचीवरून पुढे सुरू होते, किंवा काही काळ शून्यावर आडवी पडून राहते. माझ्या फाइलमध्ये ही उभी उडी होती.

ती का येते हे समजायला बफरचा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेली सॅम्पल, ४८,००० आणि बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर संगणकाला सेकंदाला ३७५ वेळा आवाजाचा एक तुकडा उचलून, त्यावर सगळी प्रक्रिया करून परत द्यायचा असतो, आणि प्रत्येक वेळी त्याला साधारण २.७ मिलिसेकंद मिळतात. ३७४ तुकडे अगदी आरामात झाले आणि एकाला उशीर झाला, तरी त्या एका जागी आवाज तुटतोच. म्हणूनच प्रोसेसरचा वापर जेमतेम पंचवीस टक्के दिसत असतानाही खरखर येऊ शकते, कारण तो आकडा सरासरीचा असतो आणि सरासरीत एखादा उशिराचा क्षण दिसत नाही. नवा, अधिक वेगवान संगणक घेऊनही अनेकांची खरखर जात नाही, त्याचे कारणही हेच आहे.

बफर १०२४ केला की प्रत्येक तुकड्याला सुमारे २१ मिलिसेकंद मिळतात आणि बहुतेक उशीर त्यात पचून जातात. मिश्रण करताना मी तसेच करतो. पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून, रिव्हर्बसह (घुमाऱ्यासह) ऐकायचा असेल, तर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही बफर मिळून चाळीस मिलिसेकंदांच्या वर उशीर होतो, आणि एवढ्या उशिराने लय सांभाळणे चांगल्या गायकालाही जड जाते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची, म्हणजे आवाज संगणकातून न फिरवता थेट हेडफोनमध्ये देण्याची, सोय असेल आणि कोरडा आवाज ऐकून गाणे चालत असेल, तर बफर खुशाल मोठा ठेवावा. माझ्या मैत्रिणीला कोरडा आवाज नको होता, त्यामुळे १२८ वर राहूनच उशिराचे मूळ शोधणे भाग होते.

विंडोजवर या कामासाठी लॅटन्सीमॉन हे साधन मी वापरले. यंत्राचे एखादे उपकरण तातडीचे काम घेऊन येते तेव्हा त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरचा ताबा घेतो, आणि त्याचे काम संपेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागावरचा) आवाजाचा कार्यक्रम थांबून राहतो. एरवी हे मायक्रोसेकंदांत आटोपते. कोणता ड्रायव्हर सर्वाधिक किती वेळ अडून बसला, हे लॅटन्सीमॉन नावानिशी दाखवते. अर्ध्या तासाने माझ्या यादीत सर्वांत वर नेटवर्कचा ड्रायव्हर होता आणि त्यासमोरचा आकडा चार मिलिसेकंदांच्या आसपास होता. २.७ मिलिसेकंदांची मुदत आणि चार मिलिसेकंदांचा अडथळा हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर आणखी पुरावा नको होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्ड बंद केले आणि ती अनियमित चटचट त्याच क्षणी थांबली. त्याबरोबरच पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे, कारण वीज वाचवण्यासाठी डुलकी घेतलेला प्रोसेसर किंवा पोर्ट जागे व्हायलाही वेळ घेतो. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट घडली आहे: वेळेच्या हमीसाठी अनेक वर्षे वेगळी जोडावी लागणारी प्रीएम्प्ट-आरटी ही सुधारणा २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आली.

वायफाय बंद झाल्यावर मी निश्चिंत झालो होतो. पण एका लांबवलेल्या, स्थिर ‘आ’काराखाली अगदी पुसट टिक ऐकू आली. शब्द आले की ती व्यंजनांत बुडून जायची. फाइलमध्ये खुणा करत गेलो, तर दोन खुणांमधले अंतर दर वेळी चार सेकंदांहून किंचित जास्त निघाले. एवढी नियमितता पाहून मी चकित झालो, कारण ड्रायव्हरचा अडथळा असा घड्याळ लावून येत नाही.

आणि दोष खरोखर घड्याळाचाच होता. माझा मायक्रोफोन प्रीॲम्प इंटरफेसला डिजिटल केबलने जोडलेला आहे, आणि दोन्ही यंत्रे आपापल्या अंतर्गत क्लॉकवर, म्हणजे सॅम्पलचा वेग ठरवणाऱ्या घड्याळावर, चालत होती. दोन्हींवर ४८,००० लिहिलेले असले तरी दोन वेगवेगळे स्फटिक तंतोतंत एकाच वेगाने कधीच चालत नाहीत. दहा लाखांत पाचाचा फरक असेल, तर सेकंदाला ०.२४ सॅम्पल, म्हणजे दर चार सेकंदांनी सुमारे एक सॅम्पल जास्त होतो किंवा कमी पडतो, आणि तो टाकला किंवा दोनदा वाजवला गेला की टिक होते. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये क्लॉकचा स्रोत ‘इंटर्नल’ऐवजी डिजिटल इनपुट केला, इंटरफेस प्रीॲम्पच्या तालावर चालू लागला, आणि टिक गेली. बफर कितीही वाढवला असता तरी ती गेली नसती. म्हणून आता खरखर आली की मी प्रथम तिचा ताल ऐकतो: बेताल असेल तर संगणकाच्या आत कोणीतरी अडून बसले आहे, आणि समान अंतराने येत असेल तर आधी क्लॉक पाहतो.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगतो. यूएसबीवरून आवाज ज्या पद्धतीने जातो त्यात हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही, म्हणून इंटरफेस हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या पोर्टला लावावा. एकाच ट्रॅकवरची प्लगइनची रांग सहसा एकामागून एक चालते आणि एकाच कोअरवर पडते, त्यामुळे आठ कोअर असूनही एका ट्रॅकमुळे आवाज तुटू शकतो; असा ट्रॅक फ्रीझ करावा (प्रक्रिया झालेला आवाज आधीच फाइलमध्ये साठवावा), आणि पुढचे पाहून काम करणारे लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारे प्लगइन) ध्वनिमुद्रण संपेपर्यंत बंद ठेवावेत. डिस्कला मात्र उगाच दोष दिला जातो. २४ बिट आणि ४८,००० सॅम्पल रेटच्या एका मोनो ट्रॅकला सेकंदाला फक्त १४४ किलोबाइट लागतात, आणि साधी डिस्कही असे वीस ट्रॅक सहज पेलते.

मागच्या रविवारी ती पुन्हा आली. बफर १२८, वायफाय बंद, क्लॉक प्रीॲम्पचे. चाळीस मिनिटे ती सलग गायली आणि हेडफोनमध्ये तिच्या आवाजाखेरीज काहीही आले नाही. ती गेल्यावर मी तोच लांबवलेला ‘आ’कार पडद्यावर मोठा केला आणि चार-चार सेकंद पुढे सरकत शेवटपर्यंत पाहिला. रेषा कुठेही तुटलेली नव्हती.