चुली तीन, कार्ड एक

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये बंद झाले की आमच्या ठाण्याच्या लोकमान्यनगरात लोक सरकारशी नाही, घरातल्या घरातच भांडतात. सासूचं नाव ठेवायचं की मोठ्या सुनेचं की धाकटीचं, कारण रेशनकार्ड एकच आणि नावं तीन. जुलै २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरेंनीच सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे थांबवलेत. त्यात पुरुष पण निघाले, ते बंद व्हायलाच हवे होते, पण एका घरात दोनपेक्षा जास्त लाभार्थी बायका हे पण एक कारण होतं आणि आमच्याकडे फटका बसला तो त्याचाच.

आता नियम बघा. शासन निर्णयात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. म्हणजे सासू वेगळी, प्रत्येक सून वेगळी, बरोबर ना? पण पडताळणीत बघतात रेशनकार्ड. आणि इथे तीन चुली असल्या तरी कार्ड एकच राहतं, कारण वेगळं करायला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मालक ॲग्रीमेंट करून देत नाही, लाईट बिल मालकाच्या नावावर, मग सुनेचं नाव सासूच्या कार्डावर नाहीतर गावच्या कार्डावर पडून राहतं.

उत्पन्नाचं पण तेच. वर्षाला अडीच लाख, म्हणजे महिन्याला २१ हजारपण नाही, आणि ही मर्यादा गडचिरोलीला तीच आणि ठाण्याला पण तीच. नवरा रिक्षा चालवतो, बायको पोखरण रोडच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करते, दोघांचं मिळून कागदावर बरं दिसतं पण त्यातून खोलीचं भाडं, रिक्षाचा हप्ता गेला की उरतं काय. ते १५०० ट्यूशनला जायचे, ट्यूशन बंद झाली की पोरगं घरी, आणि वाण्याची उधारी वाढते ती वेगळीच.

पण सगळ्यात जास्त राग मला संजय गांधी निराधार योजनेच्या, म्हणजे विधवा-निराधारांच्या पेन्शनच्या, उत्पन्नाच्या अटीचा येतो. वर्षाला २१ हजार! महिन्याला १७५० रुपये. ठाण्यात एवढ्यात महिना काढणारी विधवा बाई मला कोणी दाखवाच, दोन घरची भांडी घासली तरी ती अटीच्या बाहेर जाते. म्हणजे दाखल्यावर खरं उत्पन्न लिहिलं की पेन्शन नाही. बाईला खोटं लिहायला लावणारा नियम आहे हा, आणि नंतर पडताळणीत तिलाच चोर ठरवणार.

मर्यादा नकोच असं मी म्हणत नाही. दारात चारचाकी असणाऱ्याला कशाला पैसे. पण मर्यादा ठरवताना शहराचं भाडं धरा, आणि मोजायचंच असेल तर चूल मोजा.

आमच्या चाळीत ज्यांना कार्ड वेगळं करायचंय त्यांनी आधार, लग्नाचा दाखला आणि जुन्या कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा. मालक कागद देत नसेल तर एकेकटीने जाऊ नका, रविवारी सगळ्या मिळून जाऊ, मी येते.