मधल्या पेडलची पट्टी

दादरच्या एका घरी जूनपासून पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या अडकत होत्या. पावसाळ्यात हे ठरलेलंच. हवेतल्या ओलीने आतला नमदा फुगतो, सांधे आखडतात, हॅमर, म्हणजे तारेवर आपटणारी नमद्याची हातोडी, तारेवर पडून वेळेत मागे येत नाही. तरी लोक पियानो बाहेरच्या भिंतीलाच टेकवतात आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला की ट्यूनरला फोन करतात.

पुढची फळी काढली आणि थबकलो. वर्षापूर्वी मीच सगळे हॅमर घासून त्यांना गोलाई आणली होती. आता मधल्या सप्तकांत तारांचे खोल चरे पडले होते. मधलं पेडल दाबलं की हॅमर आणि तारांच्या मध्ये नमद्याची एक पट्टी उतरते. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री वापरायची ती. ती मधोमध झिजून आरपार फाटली होती. वाजवणारा मुलगा आठ वर्षांचा.

"रोज सात तास बसतो," वडील म्हणाले. "ती अमेरिकन पियानोवादक रूथ स्लेंचिन्स्का लहानपणी नऊ तास बसायची. चौथ्या वर्षी पहिला कार्यक्रम, सहाव्या वर्षी बर्लिन, नवव्या वर्षी रखमानिनॉव्हसारख्या थोर पियानोवादकाच्या जागी मैफल!"

सगळं खरं आहे. पण ते नऊ तास बापाच्या माराखालचे होते. 1957 साली आत्मचरित्रात तिनेच ते लिहिलंय. पंधराव्या वर्षी तिने मैफली सोडल्या होत्या, एवढं मी बोललो.

"पण सत्त्याण्णवाव्या वर्षीही वाजवत होती ना?"

यावर मला काही सुचलं नाही. 2022 साली डेका या रेकॉर्ड कंपनीने काढलेला तिचा अल्बम मीही कितीदा ऐकलाय. त्या वयात इतका भरीव सूर! मुकाट्याने 440चा ए, म्हणजे ज्यावरून बाकीचे सूर जुळवतात तो सूर, लावायला घेतला. घरी येताना गाडीत सुचलं: 1950च्या दशकात ती मैफलीत परतली ती बापाला सोडून, स्वतःच्या मर्जीने. पुढे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं. ही सत्तर वर्षं त्या बापाच्या खात्यावर कशी मांडायची? आणि त्या नऊ तासांशिवाय तो हात घडलाच असता, हे तरी मी कशाच्या जोरावर म्हणू?

निघताना वडिलांनी विचारलं, "ती पट्टी आजच बदलाल का?"

"आत्ता नाहीये माझ्याकडे," म्हणालो.

पिशवीत होती. मुलगा माझ्याकडेच बघत होता.